कोजागिरीचा चंद्र पांढरा का आला?

ए-१०४: काल गच्चीवरचे फोटो टाकलेत, बघा. माणसं छान आलीत, पण चंद्र सगळ्यात नुसता पांढरा गोळा. डोळ्यांना तर ससा स्वच्छ दिसत होता. फोन बदलायला झालाय का?

बी-३०२: काकू, फोन अजिबात बदलू नका, चांगला आहे. फोन चौकटीतल्या उजेडाचा अंदाज घेतो. तिथे जवळजवळ सगळं काळं आभाळ, म्हणून त्याला वाटतं फार अंधार आहे. मग तो शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवतो, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो आणि चंद्र जळून जातो, नुसता पांढरा उरतो. खरं तर चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं! रात्र आपल्याकडे आहे, चंद्रावर नाही. त्यामुळे सेटिंग दिवसाचंच ठेवायचं.

सी-२०१: दादा, आकडे सांगा ना. कॅमेरा दसऱ्याला घेतलाय, लेन्स ५५-२५० मिलिमीटर. अजून ऑटोवरच काढतोय.

बी-३०२: डायल एम वर, म्हणजे मॅन्युअलवर घे, सगळे आकडे आपण ठरवायचे. फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे: पूर्ण चंद्राला आयएसओ १००, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११, शटर १/१२५ सेकंद. एफचा आकडा लहान, तेवढं भोक मोठं. तुझी लेन्स २५० ला एफ ५.६ पर्यंत उघडते. ११ वरून ८, ८ वरून ५.६, म्हणजे दोन स्टॉप, दोन पायऱ्या. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणून शटर तेवढंच पळवायचं: १/२५०, मग १/५००. एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण उजेड, तेच राहतं आणि हात हलल्याची भीतीही कमी होते. हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, एवढं हातात बसलं की ऑटोची गरज वाटत नाही.

ए-६०१: काका, मी आईच्या फोनवरून लिहितेय. आकडा मोठा झाला की भोक लहान कसं होतं?

बी-३०२: फार छान विचारलंस बाळा! तो भागाकार आहे. लेन्स २०० मिलिमीटरची असेल तर एफ ४ म्हणजे २०० भागिले ४, भोकाचा व्यास ५० मिलिमीटर. एफ ८ ला २५. व्यास निम्मा झाला, मग क्षेत्रफळ किती?

ए-६०१: पाव!

बी-३०२: बरोब्बर. म्हणून ४ ते ८ एक नाही, दोन स्टॉप. मधला ५.६.

ए-१०४: आणि आमच्या फोनचं काय?

बी-३०२: बहुतेक फोनमध्ये भोक ठरलेलंच असतं, शटर आणि आयएसओ तेवढे आपल्या हातात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, जिथे आकडे आपण ठरवतो, आयएसओ ५० किंवा १०० ठेवा, शटर १/५०० पासून सुरू करा आणि चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत वेग वाढवत न्या. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा. सूर्याचं चिन्ह आलं की ते खाली ओढा.

डी-१०५: माझं उलटं झालं. चंद्र सुरेख आला, पण दुधाचं पातेलं काळं ठिक्कर.

बी-३०२: काका, एका क्लिकमध्ये दोन्ही जमणं अवघडच. पातेल्यावर गच्चीतल्या एका बल्बचा उजेड होता. मी त्याचा फोटो आयएसओ १६००, १/६० ला काढला. केशराच्या काड्या आणि कडेला धरलेली साय दिसतेय बघा, आयएसओ चढवल्याने फोटोत दाणा, म्हणजे बारीक ठिपके, थोडा आलाय, पण चालतो. त्याच सेटिंगला चंद्र पांढराच येणार. आधी वाफ लेन्सवर बसून दोन फोटो धुरकट गेले, म्हणून मग बाजूने काढला. दोन्ही एकत्र हवे असतील तर पौर्णिमेला सूर्य मावळतानाच गच्चीवर जायचं. चंद्र त्याच सुमाराला वर येतो, आभाळात उजेड असतो आणि समोरच्या इमारतीही दिसतात. पुढच्या वर्षी दूध तापवायच्या आधी अर्धा तास वर जाऊ.

ए-१०४: आत्ता बोटाने ओढून बघितलं. ससा आला!! फोन ठेवते आता हाच.

सी-२०१: मी पण खिडकीतून काढला. नुकताच वर आलाय, तांबूस दिसतोय. १/५०० ला काळपट आला, १/२०० ला बरोबर.

बी-३०२: अगदी बरोबर पकडलंस. खाली असताना तो जाड हवेतून दिसतो, उजेड कमी पोचतो. तासाभराने परत काढ, १/५०० वर येशील. आणि कार्तिक शुद्ध अष्टमीला संध्याकाळी वर ये. अर्ध्या चंद्रावर ऊन तिरकं पडतं, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात, पौर्णिमेला त्या दिसतच नाहीत. शटर मात्र बरंच हळू लागेल. ट्रायपॉड मी आणतो.

ए-६०१: मी येऊ?

बी-३०२: ये की. आईला विचारून ये, आणि वही आण.