मदत हवी आहे: संमेलनातल्या मानाच्या पाहुण्यांबद्दल

मंडळी, विज्ञानकथा-फँटसी चाहत्यांच्या संमेलनात यंदा पाहुण्यांचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. लेखिका ठरल्या, चित्रकारही ठरले (१९३९च्या पहिल्या वर्ल्डकॉनचे, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, मानाचे पाहुणे फ्रँक आर. पॉल चित्रकारच होते, त्यामुळे तिथे वाद नाही). घोडं अडलंय 'फॅन गेस्ट'पाशी, म्हणजे चाहत्यांमधूनच निवडलेल्या मानाच्या पाहुण्यापाशी. वर्षानुवर्षं फॅनझीन (चाहत्यांचं हौशी नियतकालिक) काढणारा, खुर्च्या लावणारा माणूस. पण पत्रिकेच्या मसुद्यात त्याचं नाव सगळ्यात खाली, बारीक टायपात! मला ते खटकतंय. तुम्ही कसं छापता?

शिवाय लेखिकाबाईंची मुलाखत, परिसंवाद, स्वाक्षऱ्या सगळं सलग लागलंय, मध्ये घोटभर पाण्यालाही फट नाही. दिवसाला किती कार्यक्रम द्यावेत? आणि प्रवास-मुक्कामाखेरीज निमंत्रणपत्रात आधीच काय स्पष्ट करून घ्यावं?