शब्दचर्चा : करार ‘लागू झाला’ म्हणजे नक्की काय झाले?

विचारणा (अनुवादक, राजारामपुरी)

कायदेविषयक माहितीपत्रकाचे मराठी करते आहे. कर्जवसुलीत देणेकऱ्याला दिवाणी कैदेत केव्हा टाकता येते, हा विषय आहे. माझ्या कच्च्या मसुद्यातले वाक्य असे: ‘नागरी व राजकीय हक्कांची आंतरराष्ट्रीय संधी भारताने मंजूर केली असून १९७९ पासून ती देशात लागू आहे.’ यातले संधी, मंजूर आणि लागू हे तीनही शब्द खटकतात. काय वापरावे?

वकील, कसबा बावडा

ताई, खटकतात ते योग्यच आहे. सर्वांत धोक्याचा शब्द ‘लागू’, म्हणून आधी तोच घेतो.

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘लागू झाला’ म्हणतो. एक, करार देशांमध्ये आपापसांत बंधनकारक झाला. दोन, त्याच्या आधारे न्यायालयात माणसाला हक्क मागता येऊ लागला. इंग्लंडच्या कायद्याच्या वळणावर चालणाऱ्या देशांत पहिल्यावरून दुसरे आपोआप होत नाही. तिथे करार करणे हे राजाचे, म्हणजे सरकारचे काम आणि कायदा करणे हे संसदेचे. नुसत्या सहीने देशातला कायदा बदलू लागला, तर सरकारने संसदेला बाजूला सारून कायदा केल्यासारखेच झाले. १९३७ साली कॅनडाच्या कामगार करारांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने), लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालात, हे स्पष्ट सांगितले: करार करणे हे कार्यकारी कृत्य, आणि तो पाळण्यासाठी देशाचा कायदा बदलावा लागत असेल तर विधिमंडळाने कायदाच केला पाहिजे.

आपल्याकडे हेच सूत्र आहे. संविधानाचा अनुच्छेद ५१ (ग) आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवायला सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्याच्या आधारे न्यायालयात थेट हक्क मागता येत नाही. कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ मध्ये आहे, तो संसदेला.

तुमच्या वाक्याचा विषय १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या निकालातला आहे. त्या कराराचे ११ वे कलम म्हणते की केवळ खासगी व्यवहारातल्या (जसे कर्जाच्या) कराराची जबाबदारी पार पाडण्याची असमर्थता या कारणावरून कोणालाही कैदेत टाकू नये. न्या. कृष्णा अय्यर यांनी ते कलम थेट ‘लागू’ केले नाही. कायदा होईपर्यंत न्यायालय देशाचा कायदाच पाळणार, हे त्यांनी आधी मान्य केले. मग दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५१ आणि आदेश २१ नियम ३७ यांचा अन्वयार्थ असा लावला की ते कराराशी आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ शी जुळेल. नुसते पैसे थकले एवढ्यावर कैद नाही. ऐपत असून टाळाटाळ, लबाडी, वाईट हेतू दिसला पाहिजे.

हा फरक दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, कामात रोज भोवतो. देणेकऱ्याच्या म्हणण्यात ‘आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ११ नुसार अटक करता येत नाही’ एवढेच लिहिले, तर समोरचे वकील एका वाक्यात उडवतात: हा कायदा नाही. तेच परंतुकाचा (कलमाला जोडलेल्या अटीचा) आधार घेऊन ‘संहितेच्या कलम ५१ च्या परंतुकाप्रमाणे ऐपत आणि वाईट हेतू सिद्ध झालेला नाही, आणि परंतुकाचा अर्थ सदर कराराशी सुसंगतच लावला पाहिजे’ असे लिहिले की टिकते. सोबत उत्पन्न, इतर कर्जे, आजारपणाचा खर्च यांचे कागद जोडायचे, कारण निर्णय शेवटी ऐपतीवर होतो.

म्हणून देशांमधल्या अर्थासाठी ‘बंधनकारक झाला’ आणि न्यायालयातल्या अर्थासाठी ‘कायद्याचे बळ मिळाले’ अशी दोन रूपे ठेवा. ‘लागू’ शक्यतो टाळाच.

निवृत्त इतिहास शिक्षक, मंगळवार पेठ

‘संधी’ काढा. हिंदी पुस्तकांतून आलेला हा शब्द मराठी वाचकाला आधी ‘मोका’ सांगतो आणि मग व्याकरण. ‘संधीचे पालन करणे बंधनकारक आहे’ हे वाक्य कोणाला कळणार?

आपला जुना शब्द ‘तह’. १७३१ चा वारणेचा तह कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असतो. पण तहाला लढाईचा वास आहे. आधी भांडण, मग समेट. मुलांच्या हक्कांबद्दल किंवा हवाई वाहतुकीबद्दल ‘तह’ म्हटले की कानाला विचित्र लागते. म्हणून सर्वसाधारण वापराला ‘आंतरराष्ट्रीय करार’ हेच चांगले.

इथे एक गोष्ट जोडतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या विलीनीकरणाच्या करारालाही काही लोक तह म्हणतात आणि त्यावरून आंतरराष्ट्रीय कायद्याचे दाखले देतात. तो वेगळा विषय आहे. संविधानापूर्वी संस्थानिकांनी केलेल्या तह-करारांतून उद्भवणारे वाद अनुच्छेद ३६३ ने न्यायालयांच्या कक्षेबाहेरच ठेवले आहेत.

कायद्याच्या अध्यापिका, सागरमाळ

‘मंजूर’बद्दल. इथे शब्दही चुकला आहे आणि वस्तुस्थितीही. भारताने त्या करारावर आधी सही केलेली नव्हती. तयार करारात भारत नंतर, १० एप्रिल १९७९ रोजी, सामील झाला. याला इंग्रजीत ॲक्सेशन म्हणतात. मराठीत ‘सामील होणे’ पुरते. ‘संमीलन’ हा कोशातला शब्द अचूक आहे, पण वाचक अडखळतो.

‘अनुसमर्थन’ म्हणजे रॅटिफिकेशन: आधी सही, मग सरकारने देशाच्या वतीने पक्की संमती देणे. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या करारावर भारताने ३० जुलै १९८० ला सही केली आणि ९ जुलै १९९३ ला अनुसमर्थन केले. मधली तेरा वर्षे नुसती सही होती. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही झाली, अनुसमर्थन अजून नाही. तिथे ‘भारताने करार मान्य केला’ हे लिहिणे सरळ चूक ठरते.

आणि ‘संसदेने अनुसमर्थन केले’ हे वाक्य बातम्यांत वारंवार येते. आपल्याकडे अनुसमर्थन केंद्र सरकार करते. त्याआधी संसदेची संमती घेतलीच पाहिजे अशी अट संविधानात नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने सरकारला करार आधी संसदेपुढे २१ बैठकीचे दिवस ठेवावा लागतो, पण तिथेही अनुसमर्थन करणारे सरकारच.

निर्यात कागदपत्रे, शाहूपुरी

वकीलसाहेबांच्या ‘कायद्याचे बळ’ या शब्दाला आमच्या कामातून एक पुरवणी. कायदा झाल्यावरसुद्धा पुढे अधिसूचनेचा उंबरठा असतो. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग परदेशी गेले, पैसे अडले, तिकडच्या लवादाने निवाडा दिला आणि देणे लागणाऱ्याची मालमत्ता भारतात आहे, असे धरा. तो देश १९५८ च्या न्यूयॉर्क करारात (परदेशी लवाद निवाडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहे एवढ्याने भागत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे केंद्र सरकारने राजपत्रात त्या प्रदेशाची अधिसूचना काढलेली असावी लागते. विक्रीच्या करारात लवादाचे ठिकाण लिहितानाच ती यादी पाहावी. निवाडा हातात आल्यावर पाहून उपयोग नाही. अर्जासोबत कलम ४७ प्रमाणे मूळ निवाडा किंवा रीतसर प्रमाणित प्रत, लवादाचा मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत आणि तो परदेशी निवाडा असल्याचा पुरावा लागतो. अर्ज जिल्हा न्यायालयात नव्हे, उच्च न्यायालयात.

करातही तेच. १९ ऑक्टोबर २०२३ च्या नेस्ले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुहेरी कर टाळण्याच्या करारातली सर्वाधिक सवलतीची तरतूद (दुसऱ्या देशाला दिलेली जास्त सवलत आपल्यालाही मिळावी, ही) आपोआप चालू होत नाही. त्या प्रकरणात १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना लागत होती. कमी दराने कर कापून बसलेल्यांना हे महागात पडते.

अनुवादक, राजारामपुरी

मग कराराचे कायद्यात येणे याला ‘समावेशन’ म्हणू की ‘रूपांतर’? दोन्ही दिसतात.

कायद्याच्या अध्यापिका, सागरमाळ

दोन्ही हवेत, कारण रस्ते दोन आहेत. देशादेशांच्या वहिवाटीतून आलेले रूढ नियम न्यायालय वेगळ्या कायद्याशिवायही देशाच्या कायद्याचा भाग मानते, मात्र संसदेच्या कायद्याशी विरोध नसला तर. हे ‘समावेशन’. लेखी करारासाठी कायदा करावा लागतो, ते ‘रूपांतर’. या भूमिकांना (इंग्रजीत मोनिझम आणि ड्युअलिझम) ‘अद्वैत’ आणि ‘द्वैत’ म्हणू नका, वाचक थेट शंकराचार्य-मध्वाचार्यांकडे जाईल.

रूपांतराचेही दोन प्रकार आहेत, आणि अनुवादकाने ते ओळखलेच पाहिजेत. कधी कायदा कराराची कलमे जशीच्या तशी अनुसूचीत घालतो. १९७२ चा राजनैतिक संबंधांचा कायदा तसा आहे, हवाई वाहतुकीचाही तसाच. तिथे कराराचे शब्द हाच कायदा, त्यामुळे एकही शब्द सैल चालत नाही. हवाई मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत, हे आकडे मॉन्ट्रियल करारातूनच आले आहेत. कधी मात्र संसद स्वतःच्या शब्दांत लिहिते. कोल्हापुरी चपलेला संरक्षण देणारा १९९९ चा भौगोलिक उपदर्शनांचा कायदा हा ट्रिप्स करारानंतर (बौद्धिक संपदेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानंतर) आला, पण न्यायालयात शब्द चालतो तो कायद्याचा, ट्रिप्सचा नाही.

एकाच शब्दावर हे सगळे कसे येऊन ठेपते याचा नमुना म्हणून १९८४ चा ग्रामोफोन कंपनीचा निकाल वाचा. सिंगापूरहून कलकत्त्यामार्गे नेपाळला निघालेल्या नकली कॅसेटी. भूवेष्टित देशाला माल ने-आण करण्याचा आंतरराष्ट्रीय हक्क आहे, म्हणून अडवू नका, असा युक्तिवाद. प्रश्न उरला तो कॉपीराइट कायद्यातल्या ‘आयात’ या शब्दाचा. इथे विकायला आणणे एवढाच त्याचा अर्थ, की नुसते हद्दीत आणणेही? न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला आणि माल अडवता आला.

वकील, कसबा बावडा

पंचगंगेच्या प्रदूषणाबद्दलच्या अर्जांत एक चूक नेहमी दिसते, तीही इथे नोंदवतो. ‘पाणी आणि हवा प्रदूषणाचे कायदे आंतरराष्ट्रीय करारानुसार झाले’ असे सरसकट लिहितात. १९७४ चा पाण्याचा कायदा अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या ठरावांवर उभा आहे. पाणी राज्यसूचीत असल्याने तसे करावे लागले. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, केंद्राचा नंतर स्वीकारला. १९८१ चा हवेचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा कायदा मात्र १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी, अनुच्छेद २५३ च्या बळावर. हे तिन्ही कायदे एका ओळीत घालू नयेत.

तुमचे वाक्य मी असे करीन: ‘नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला, त्यामुळे तो भारतावर बंधनकारक आहे. त्याला संसदेच्या कायद्याने थेट कायद्याचे बळ दिलेले नाही, मात्र दिवाणी कैदेच्या तरतुदींचा अर्थ न्यायालये त्याच्याशी सुसंगत लावतात.’ एका वाक्याची दोन झाली, पण माहितीपत्रक घेऊन कोर्टात येणाऱ्या माणसाची फसगत होणार नाही.

अनुवादक, राजारामपुरी

घेतले. ‘असमर्थता’ तशीच ठेवते, ऐपत असूनही दिलेला ‘नकार’ वेगळा लिहिते.