एकाच मालकाच्या दोन टीम, इंजिनही एकच: एकमेकांना काय देता येतं?

खानापूरवाला:
एक शंका आहे, हसू नका. फॉर्म्युला वन रेसिंगमधल्या रेड बुल (थोरली) आणि रेसिंग बुल्स (धाकटी), मालक एक, इंजिनही एक. तरी टीम दोन आणि गुणही वेगवेगळे. यांनी एकमेकांना काय दिलेलं चालतं आणि काय नाही? धाकट्या टीमला यात खरंच काही मिळतं, की ती थोरलीसाठी नुसती टेस्टिंगची गाडी?

विचारायचं कारण म्हणजे मी बेळगावात डिप्लोमाला आहे, कॉलेजात बग्गी बनवतोय. सीनिअरांची एक, आमची एक, दोन्हींना एकाच कंपनीचं एक सिलिंडरचं इंजिन. सीनिअरांच्या सीव्हीटीची (बेल्टवर चालणारा, आपोआप बदलणारा गिअर) स्प्रिंग आणि वजनं मागून आणली, जशीच्या तशी घातली. त्यांची गाडी चढ झकास चढते, आमची बेल्ट जाळूलालीय.

निपाणीकर:
कसल्या दोन टीम रे! २०२४ चं सिंगापूर बघितलं नाहीस वाटतं. धाकट्या टीमचा रिकार्डो पार शेवटी, अठरावा. जाता जाता पिटला येऊन मऊ टायर घातले आणि फास्टेस्ट लॅप, म्हणजे रेसमधली सगळ्यात वेगवान फेरी, मारला. रेस जिंकला मॅक्लारेनचा नॉरिस, पण त्या फेरीसाठीचा जादाचा एक गुण त्याचा गेला. भलं कोणाचं झालं? थोरल्या टीमच्या वर्स्टापेनचं, किताबासाठी नॉरिसशी त्याचीच चुरस होती. पुढच्या वर्षापासून तो गुणच नियमातून काढून टाकला, म्हणजे समजून जा.

उद्यमबाग टर्नर:
निपाणीकर, तो प्रकार रस्त्यावरचा. पोराने विचारलंय शेडमधलं.

बाळा, आधी नियम. २०१० पासून प्रत्येक टीमने आपली गाडी आपणच डिझाइन करायची. चालक बसतो तो सांगाडा, पंख, तळ, वरची बॉडी, म्हणजे वारा ज्याला लागतो ते सगळं स्वतःचं. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, हायड्रॉलिक हे मात्र विकत घेता येतं. टोरो रोसो, म्हणजे आजची रेसिंग बुल्स, तिने २०१९ पासून गिअरबॉक्स आणि मागच्या सस्पेन्शनचं सामान रेड बुलकडून घ्यायला सुरुवात केली. इंजिन एक झाल्यावरच हे सोपं जातं. या गाड्यांत इंजिन फ्रेमवर ठेवलेलं नसतं, पुढे सांगाडा, मागे गिअरबॉक्स आणि मध्ये इंजिन बोल्टांनी आवळलेलं, गाडीचा भार तेच पेलतं. इंजिन बदललं की मागची फेस, बोल्टांची भोकं, रेडिएटरची मापं, एक्झॉस्टचा रस्ता, सगळं ड्रॉइंग नव्याने.

आता माझं सांगतो. उद्यमबागेत माझं आणि थोरल्या भावाचं शेड समोरासमोर. दोघंही हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडी करतो, कास्टिंग एकाच फाउंड्रीचं, पॅटर्न एकच. म्हणून फिक्श्चर एक चालतं, गेज एक चालतं. माझं ड्रिल जिग मोडलं तेव्हा रात्री साडेदहाला त्याचं उचलून आणलं, सकाळी चलन पाठवलं. पण त्याच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मी कधी मागितलं नाही, त्यानेही माझं नाही. आई एकाच ताटात वाढते, तरी रेट कोणी कोणाला सांगत नाही!

टेस्टिंगच्या गाडीचं म्हणशील तर होय, होती. होंडाचं मॅक्लारेनशी २०१५ ते २०१७ काही जमलं नाही. २०१८ ला टोरो रोसोने ते इंजिन घेतलं. दुसऱ्याच रेसला, बहारीनला, तिचा चालक गॅसली चौथा. पण पुढे वर्षभर इंजिनं बदल, पेनल्टी घे, मागून सुरुवात कर, हेच चाललं. रेड बुल तेव्हा रेनॉवर होती, बाजूला उभी राहून बघत होती. २०१९ ला तिनेही होंडा घेतलं आणि ३० जूनला ऑस्ट्रियात वर्स्टापेन जिंकला. होंडाचा २००६ नंतरचा पहिला विजय. मार धाकट्याने खाल्ला, शिकला थोरला. पण त्याच वर्षी ब्राझीलला वर्स्टापेन पहिला आणि गॅसली दुसरा, तोही टोरो रोसोतून. चार गाड्या पळतात तेव्हा इंजिनवाल्याला माहितीही दुप्पट मिळते, त्यातलं थोडं धाकट्याच्या पानात पडतंच.

टिळकवाडीची:
काका, २००८ सांगायचं राहिलं की वो. तेव्हा दोघांची गाडी जवळजवळ एकच होती, इंजिनं मात्र वेगळी. रेड बुलला रेनॉ, टोरो रोसोला फेरारी. १४ सप्टेंबरला मोन्झात पावसात टोरो रोसोचा फेटेल जिंकला, तोवर थोरल्या टीमने एकही रेस जिंकली नव्हती! वर्षअखेर टोरो रोसो ३९ गुण, रेड बुल २९. पुढच्याच वर्षी टोरो रोसो शेवटची.

आणि एका इंजिनाचा तोटाही आहे. २०२० ला फेरारीच्या इंजिनाची ताकद घटली तर फेरारी सहावी, अल्फा रोमिओ आठवी, हास नववी, तिघींच्या गाडीत तेच इंजिन. २०२२ च्या पहिल्या रेसला बहारीनमध्ये धाकट्या टीमच्या गॅसलीच्या गाडीला आग लागली, नंतर रेड बुलच्या दोन्ही गाड्या इंधनाच्या भानगडीने थांबल्या. चारांतली एकच शेवटपर्यंत पोचली, धाकट्या टीमच्या त्सुनोदाची. कारणं वेगळी असतील, पण मालकाच्या पोटात गोळा तोच.

उद्यमबाग टर्नर:
खरंय ताई. तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या फाउंड्रीतली कोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा, ओली राहिली होती. वरून कास्टिंग गुळगुळीत. शेवटच्या बोअरला टूल टकटक वाजायला लागलं, थांबवून टॉर्च मारली तर आत ब्लो होल, म्हणजे वाफेने धातूत पडलेली पोकळी, मोहरीएवढी. माझे चाळीस नग, समोर भावाचे साठ. दुसरीकडून कास्टिंग घेत असतो तर एक शेड तरी चालू राहिलं असतं. फाउंड्रीवाला म्हणाला, हवामान! पैसे अजून अडकलेत.

खानापूरवाला:
काका, मग आमच्या सीव्हीटीचं?

उद्यमबाग टर्नर:
दोन्ही गाड्यांचं वजन केलंस का? टायर किती इंची? सीनिअरांनी स्वतःच्या गाडीच्या वजनावर आणि चाकावर सेटिंग बसवलंय, तुझ्या नाही. तुझी जड असेल किंवा चाक मोठं असेल, तर इंजिन जोरात फिरण्याआधीच सीव्हीटी वरच्या गिअरला जाते, चढाला जोर पुरत नाही, बेल्ट घसरतो, जळतो. वजनं थोडी हलकी करून बघ, एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिही. जळलेला बेल्ट टाकू नको, शनिवारी दुपारनंतर घेऊन ये. कुठल्या बाजूने चकाकलाय ते बघूया.