जेल पॉलिशसाठी लॅम्प घ्यायचा आहे : ४८ वॉट, १२० वॉट की जुना ट्यूबचा?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

नमस्कार. मी घरातल्याच एका खोलीत नेल आर्टचे काम सुरू करत आहे आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची गिऱ्हाइके येऊ लागण्याआधी मला लॅम्प घ्यायचा आहे. राणीपुऱ्यातील एका दुकानदाराने १२० वॉटचा एलईडी लॅम्प दाखवला असून, त्याची किंमत नावाजलेल्या कंपनीच्या ४८ वॉटच्या लॅम्पच्या निम्म्याहूनही कमी आहे. ओळखीच्या एक पार्लरवाल्या काकू त्यांचा चार ट्यूबचा ३६ वॉटचा यूव्ही लॅम्पही स्वस्तात द्यायला तयार आहेत. जितके वॉट जास्त तितके जेल पक्के, हे दुकानदाराचे म्हणणे कितपत खरे आहे? सध्या मैत्रिणीच्या लॅम्पवर सराव करते, तेव्हा काळा आणि गडद मरून रंग वरून कडक झालेला दिसतो, पण थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. याला लॅम्प कारणीभूत असेल का?

प्रतिसाद (सुदामा नगर, नेल टेक्निशियन)

ताई, वॉट म्हणजे लॅम्प किती वीज घेतो त्याचे माप. नखापर्यंत किती प्रकाश पोहोचतो, हे त्यावरून कळत नाही. खोक्यावरचा आकडा तर पुष्कळदा निव्वळ जाहिरातीचा असतो. दुकानात उभ्या उभ्या अ‍ॅडॉप्टर उलटा करून त्यावरील 'आउटपुट' वाचा आणि व्होल्टला अँपिअरने गुणा. २४ व्होल्ट आणि १.५ अँपिअर लिहिले असेल तर तो लॅम्प ३६ वॉटपेक्षा जास्त वीज घेऊच शकत नाही, मग खोक्यावर १२० छापलेले असो की ३००.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तरंगलांबीची. जेलमध्ये फोटोइनिशिएटर नावाचे रसायन असते. ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे जेल घट्ट होण्याची क्रिया सुरू होते. आजचे बहुतेक एलईडी लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर असे दोन्ही प्रकाश देतात. नुसता ४०५ देणारा लॅम्प प्रत्येक जेलला चालेलच असे नाही. म्हणून आधी जेलची कंपनी ठरवावी आणि तिने ज्या लॅम्पवर जेल तपासले आहे तोच लॅम्प घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काकूंचा लॅम्प घेऊ नये. ट्यूब पेटलेली दिसली तरी वापराने तिची तीव्रता घटत जाते, आणि जे एलईडीखाली ३० ते ६० सेकंदांत होते त्याला तिथे साधारण दोन मिनिटे लागतात.

काळ्या आणि मरूनची तक्रार मात्र एकट्या लॅम्पची नसावी. गडद रंगद्रव्य प्रकाश अडवते, त्यामुळे थर जाड असेल तर वरचा पृष्ठभाग कडक होतो आणि खाली, नखाला लागून, जेल ओलेच राहते. इतका पातळ थर द्यावा की पहिल्या थराला रंग थोडा विरळच दिसेल, आणि प्रत्येक थर वेगळा क्युअर करावा, म्हणजे लॅम्पखाली घट्ट करावा. चार बोटे सपाट ठेवून आधी करावीत आणि दोन्ही अंगठे नंतर एकत्र. पाचही बोटे एकदम घातली की अंगठा आडवा पडतो आणि त्याच्या नखावर प्रकाश तिरका येतो. टॉप कोटनंतरचा चिकटपणा पाहून मात्र घाबरू नये. हवेतील ऑक्सिजनमुळे काही जेलचा वरचा थर तसाच राहतो आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला जातो.

प्रतिसाद (टिळक नगर, इंदूर)

वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. अर्धवट क्युअर झालेले जेल हा केवळ टिकाऊपणाचा प्रश्न नाही. घट्ट न होता उरलेली, हेमासारखी (HEMA, जेलमधील एक घटक) मेथाक्रिलेट रसायने त्वचेला वारंवार लागली तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते आणि पुढे दात भरण्याच्या काही साहित्याचाही त्रास होऊ शकतो. गिऱ्हाइकापेक्षा धोका तुम्हाला जास्त आहे, कारण तुमचे हात रोज त्यात असणार. नायट्रिलचे हातमोजे वापरावेत आणि कातडीवर गेलेले जेल लॅम्पखाली जाण्याआधीच पुसावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. बिल्डर जेल (नखाला जाडी आणि मजबुती देणारे घट्ट जेल) लावल्यावर काही जणी चटका बसतो म्हणून हात झटकन बाहेर काढतात. तेव्हा 'लो हीट' बटण वापरावे का? आणि यूव्हीमुळे हात काळवंडतील, या शंकेला काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद (सुदामा नगर, नेल टेक्निशियन)

जेल घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते आणि थर जितका जाड तितका चटका अधिक. हात क्षणभर बाहेर घेऊन पुन्हा आत ठेवू द्यावा, पण वेळ पूर्ण भरावी. 'लो हीट'मध्ये प्रकाश कमी तीव्रतेने सुरू होतो, म्हणून त्या बटणाचा पूर्ण टायमर संपल्याशिवाय हात काढू देऊ नये.

हे लॅम्प यूव्ही-ए किरण देतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांना प्रयोगशाळेतील पेशींवर त्यांचा घातक परिणाम आढळला. मात्र तो प्रयोग माणसांच्या हातांवर केलेला नव्हता. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी आधी एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावण्याचा किंवा बोटांची टोके उघडी असलेले गडद मोजे घालण्याचा सल्ला देते. मी मोजेच देते, कारण सनस्क्रीनचा तेलकटपणा नखावर गेला की बेस कोट धरत नाही. आणि गिऱ्हाईक डॉक्सिसायक्लिनसारखे औषध घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिचा हात लॅम्पखाली घेऊ नका. त्या औषधाने त्वचा आणि नखे प्रकाशाला फार संवेदनशील होतात.