मॉसबाउअरमध्ये सहा रेषा का दिसत नाहीत?

प्रश्न:
सहअवक्षेपणाने (द्रावणातून एकत्र साका पाडून) बनवलेले मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) कण, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) साधारण 8 नॅनोमीटर. चुंबक जवळ नेला की काळा द्रव लगेच सरकतो. पण खोलीच्या तापमानाला मॉसबाउअर वर्णपटात (लोहाची अणुकेंद्रं गॅमा किरण कसे शोषतात त्याच्या आलेखात) नुसत्या दोन रेषा! चुंबकीय असेल तर सहा हव्यात ना? नमुना चुंबकीय आहे की नाही?

उत्तर:
आहे की! इतक्या लहान कणाचं चुंबकन उष्णतेने सतत दिशा पालटतं. मॉसबाउअरची नजर साधारण 10⁻⁸ सेकंदाची. पालट त्याहून वेगवान असेल तर अंतर्गत क्षेत्राची सरासरी शून्य. 4.2 केल्विनला मोजा, सहा रेषा दिसतील.

दुसरं उत्तर:
मला शंका वेगळीच आहे. ते अजून मॅग्नेटाइट उरलंय का? एवढे बारीक कण हवेत ऑक्सिडीकरण होऊन मॅगहेमाइट (फेरस लोह नसलेलं, तपकिरी लोह ऑक्साइड) होतात, आणि एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) दोघं जवळपास सारखेच दिसतात. आयसोमर शिफ्ट (वर्णपटाचा मध्य किती सरकलाय ते) बघा. अल्फा-लोहाच्या (साध्या लोखंडाच्या) तुलनेत 0.32 मिमी/सेकंदाच्या आसपास असेल तर फेरस लोह (Fe²⁺) जवळजवळ संपलं समजा. रामन (लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थ ओळखणं) करणार असाल तर लेसर मंद ठेवा, नाहीतर तापून झालेलं हेमाटाइट (आणखी एक लोह ऑक्साइड) मोजत बसाल.

प्रश्नकर्ता:
द्रव तपकिरी झालाय खरा. पण स्क्विडमध्ये (अतिसंवेदनशील चुंबकनमापकात) ब्लॉकिंग तापमान (ज्याखाली चुंबकनाची दिशा गोठलेली दिसते ते) मॉसबाउअरपेक्षा बरंच कमी आलं, ते?

पहिलं उत्तर देणारा:
तेही बरोबरच. स्क्विडचं एकेक मोजमाप कित्येक सेकंदांचं, म्हणून कण त्याला अधिक थंडीतच गोठलेले वाटतात.