खानावळीची वही : गिरणगावातील आठवणींसाठी अनुभव धागा

चिवडागल्ली
माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजीची खानावळीची वही सापडली, म्हणून हा धागा. लालबागच्या चाळीतील एका खोलीत आजी बावीस मेंबरांना, म्हणजे खानावळीत जेवणाऱ्या गिरणी कामगारांना, जेवू घालत असे. तिला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि तेव्हा सातवीत असलेले माझे वडील लिहीत. त्यामुळे वहीत नावांऐवजी ‘साचेखाते’, ‘देवगडचा थोरला’, ‘चष्मेवाला’ अशा खुणाच आहेत. प्रत्येकासमोर दोन रकाने आहेत, खाडे (न जेवलेले दिवस) आणि जमा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या पानांवर खाडे नेमाने मांडलेले आहेत आणि जमेचा रकाना मात्र कोरा आहे. ज्यांच्याकडून पैसे येण्याची आशा नव्हती, त्यांचेही न जेवलेले दिवस आजी हिशेबातून वजा करीत राहिली! आपल्या घरातील अशा आठवणी कृपया येथे लिहाव्यात.

रातपाळी
माझे वडील अशाच एका खानावळीचे मेंबर होते. गावकीच्या खोलीत एका गावचे पंचवीस-तीस गडी राहत; प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी परते, तेव्हा पहिल्या पाळीचा कामावर गेलेला असे आणि त्याच्या जागेवर हा आडवा होई. सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी मिळाली की झोपायला जागा पुरत नसे, म्हणून निम्मे लोक जिन्यात नाहीतर फुटपाथवर पथारी टाकत. भजनी मंडळांची भरभराट भक्तीइतकीच या अडचणीमुळेही झाली असावी, असे वडील हसत म्हणत.

परळची_सून
आजींनी ते बावीस जणांचे धान्य कोठून भरले असेल, हे कोणी विचारत नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि उधारी थकली की सावकाराकडे मंगळसूत्र गहाण ठेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, त्यानंतर खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. कर्जाच्या कागदावर अंगठा न उमटवता सही करता यावी, म्हणून सासूबाई चुलीपुढे बसून राखेत स्वतःचे नाव गिरवत.

वरळी_बीडीडी
आमच्या आठवणीत हा जिव्हाळा थोडा वेगळा दिसतो. विणखात्यात धोट्यात (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनात) सुताची नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा आपण कसा वापरावा, या सबबीखाली आमच्या लोकांना त्या खात्यात घेत नसत. पगार चांगला होता तो नेमका तेथेच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. माझे पणजोबा सूतखात्यातच निवृत्त झाले. त्यांच्या काळी खानावळीतही आमच्यासाठी पान मांडले जात नसे, म्हणून पणजीच डबा घेऊन गिरणीच्या दारापर्यंत जात असे.

चिवडागल्ली
आपण लिहिलेत ते बरे झाले. वही पुन्हा चाळली. बावीसही खुणा कोकणातल्या आणि घाटावरच्या आमच्याच जातीतील माणसांच्या आहेत, हे आज प्रथमच लक्षात आले.

बदलीवाला
मी स्वतः त्या संपात होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात बदली कामगारांची संख्या मोठी होती. बदली म्हणजे रोज दारावर उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचे. माझी अशी सात वर्षे गेली. पगारवाढ आम्हाला हवीच होती, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने आमच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, त्याचा राग अधिक होता. संप मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत झाली नाही. जून उजाडल्यावर मी भातलावणीसाठी गावी गेलो, तो चार वर्षांनी परतलो. माझ्या खानावळवाल्या मावशींचे तीन महिन्यांचे पैसे माझ्याकडे राहिले होते. द्यायला गेलो तेव्हा त्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड होते.

परळची_सून
काका, त्या मावशी कोणत्या चाळीत राहत होत्या?

बदलीवाला
लालबागलाच, बाजाराच्या मागच्या बाजूला. मी तेव्हा चष्मा वापरत असे. धागाकर्त्यांनी कृपया त्या खुणेपुढचे खाडे पाहून सांगावेत.