परदेशातून कायमचा परत आलेला मित्र किंवा मैत्रीण: तुमचे काय अनुभव?

माझा शाळेपासूनचा मित्र २००४ साली न्यू जर्सीला गेला. दोन-दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी यायचा, तेव्हा आम्ही पाच जण रजा टाकून, घरची बोलणी खाऊन सिंहगड गाठायचो. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि निघताना त्याला सोडायला मुंबई विमानतळापर्यंत दोघं तरी. गेल्या जूनमध्ये तो कायमचा आला. पिंपरीत राहतो, मी स्वारगेटला. २०२४ पासून मेट्रो थेट आहे, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. आणि आठ महिन्यांत भेटलो दोनदा. त्यातलं एकदा त्याच्या आईच्या तेराव्याला.

"आहे की आता इथेच, भेटू निवांत," हे मीच म्हणतो.

दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा त्याने खिशातून एक पाकीट काढलं. आईचं कपाट आवरताना साड्यांच्या घडीत सापडलेलं. आत पाचशेच्या सात नोटा, २०१६ च्या आधीच्या. त्यानेच कधीतरी दिलेल्या, तिने जपून ठेवलेल्या. "हे काय करायचं रे?" मला काही सुचेना, मी चहा सांगितला. त्यावर तो काही बोलला नाही, आणि मीही नंतर फोन केला नाही. तुमचं असं काही झालंय का? सांगा.

*

आमच्या चिपळूणकडचे बरेच जण आखातात. माझा मित्र कुवेतला एसीची कामं करायचा. सुट्टीवर आला की टँगचे डबे, निडो, यार्डलीची पावडर. बॅग उघडायच्या वेळेला अर्धी वाडी पडवीत हजर. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि महिनाभर त्याचा पत्ता नाही. मग बसने बगदाद, तिथून जॉर्डन, अम्मानहून एअर इंडियाने मुंबई. त्या मार्गाने लाखाच्या वर माणसं आणली तेव्हा, हा त्यातलाच एक. रातराणीने उतरला तो एका रेक्झिनच्या पिशवीनिशी.

संध्याकाळी माणसं नेहमीसारखी जमली. वाईट कोणाच्या मनात नव्हतं, पण दोघं-तिघं सवयीने पिशवीकडेच बघत होती. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने खिशातून खोलीच्या चाव्या काढून पाटावर ठेवल्या आणि म्हणाला, "कुलूप नीट लावून आलोय." मला त्यावर काय बोलावं कळलं नाही. म्हटलं, "उद्या ये शेतावर." आला. पुढे कापणी संपेपर्यंत रोज आला, फार न बोलता. ९२ ला पुन्हा कुवेतला गेला, चाव्या बरोबर घेऊन.

*

माझा अनुभव इतका भारी नाही. मैत्रीण चौदा वर्षं जर्मनीत. नाशिकला आली आणि पहिल्या दिवसापासून "तुमच्याकडे हॉर्न किती वाजवतात गं", "तुमच्याकडे वेळेचं काही नसतंच". दहाव्या "तुमच्याकडे"ला मी म्हटलं, "अगं, पंचवटीत जन्मलीस ना तू?" झालं. अबोला.

मोडला कसा, तर ओटीपीने. तिचा पासपोर्ट जर्मन, इथे राहायला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. आधारसाठी आधी १८२ दिवस इथे राहायला हवं. तोवर गॅस, किराणा, मुलीची व्हॅन, जिथे तिथे माझा नंबर. दिवसातून सहा वेळा फोन: "आला का?" "आला. चार, सात, सात, शून्य…" आकडे सांगता सांगता "भाजी काय केलीस" वर कधी गाडी आली कळलंच नाही. आता तिचं आधार आलंय. तरी दुपारी फोन येतो आणि पहिला शब्द तोच: "आला का?"

*

आमचं नाही जुळलं. दोघांनीही प्रयत्न केला. बावीस वर्षं खूप असतात.

*

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे परत आलेला. शिकागोहून सांगलीत. अजूनही रस्ता ओलांडताना चुकीच्या बाजूला आधी बघतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न "का आलास?" आणि त्यामागचा न विचारलेला: नोकरी गेली की बायकोशी बिनसलं? खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते उभ्या उभ्या सांगता येत नाही. एका मित्राने मात्र काही विचारलं नाही. भेटल्यावर माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "असले बूट घालून मळ्यात येणारेस होय? चल, आधी चप्पल घेऊ." दोघांनी दोन दुकानं पालथी घातली. त्या तासाभरात मी त्याला बरंचसं सांगून टाकलं, आपणहून.

धागाकर्त्यांना एक सांगतो. तीन आठवड्यांच्या फेरीत आम्ही पाहुणे असतो, त्यामुळे बोलावणं यायची सवय लागते. परत आल्यावर आपण फोन करायचा असतो हे मला कळायलाच वर्ष गेलं. तुमचा मित्रही कदाचित वाट बघत बसला असेल.

*

मीच, सुरुवात केलेला. वरचं वाचून आत्ता फोन लावला. उचलल्या उचलल्या म्हणाला, "कोण गेलं?"

कुणी नाही म्हटलं. रविवारी येतोय. पाकीट घेऊन ये म्हणालोय.